बॅकअप घेतला, ताई!

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. हाताने लिहिलेलं पाकीट पाहून कोण गेलं म्हणून छातीत धस्स झालं असेल, तर आधी पाणी पी. इकडे सगळे धडधाकट आहेत, गेलाय तो फक्त माझा फोन. तुझे गुडघे काय म्हणतात? (गोळ्या स्वतः घेतेस, की नुसत्या दुसऱ्यांनाच घ्यायला लावतेस?)

तर, "मेल्या, बॅकअप घे," असं तू तीनदा बजावल्यावर मी मनावर घेतलं. पण तो घ्यायचा कसा, यावर घरात एकमत होईना. तुझी भावजय म्हणाली, क्लाउडवर टाका. मला पटेना. (घरच्या कपाटात ठेवलेलं सापडत नाही, ते ढगात कुठे शोधू?) शेजारचा फोनवाला म्हणाला, मेमरी कार्ड घ्या. घेतलं. पण नखाएवढं ते कार्ड माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर, घड्याळांच्या चाका-स्क्रूंमध्ये असं मिसळलं, की एका गिऱ्हाइकाच्या भिंतीवरच्या घड्याळात बसता बसता राहिलं आणि शेवटी केरात गेलं. मग लेकीने वायर जोडून फोन कॉम्प्युटरला लावला आणि म्हणाली, "बाबा, काय काय घ्यायचं त्यावर खूण करा." मी केली, आणि खुर्ची टाकून दोन तास पहारा दिला. चारशे बारा फोटो सुखरूप उतरले! (चारशे उघड्या घड्याळांचे, अकरा माझ्या अंगठ्याचे, एक तुझा, डोळे मिटलेला.) तिसऱ्याच दिवशी फोन माझ्या हातून सुटून घड्याळाचे भाग धुण्याच्या वाडग्यात बुडाला. तुझी भावजय किंचाळली. मी मात्र ऐटीत म्हणालो, "बुडू दे, बॅकअप आहे!" एवढं एक वाक्य म्हणायला मिळावं म्हणून तीन आठवडे राबलो होतो, ताई.

तुझा,
धाकटा

ता. क. : खूण मी फक्त फोटोंवर केली होती. आवाजांची वेगळी असते म्हणे. आई जायच्या आदल्या वर्षी तिने मला झाडलं होतं ना, पावणेदोन मिनिटं, मध्ये श्वाससुद्धा न घेता? ते रेकॉर्डिंग गेलं. "ऐक, लाडका कोण ते," म्हणून तुला पाठवलं होतं, तेव्हा तू "असली घाण पाठवू नकोस," म्हणून मला झापलंस. पुसलं नाहीस ना? एवढ्यासाठीच हे पत्र.

पुन्हा ता. क. : पाकिटावर तिकीट चिकटवलं आणि तुझी भावजय आतून सांगत आली, की तिने तुला फोन केला होता. तू ते दर रविवारी ऐकतेस म्हणे. आता लबाड कोण, ते तूच ठरव.