लाडवांच्या डब्यातला मुळा

आई, ते सूप तू प्यायली नसतीस. वाटी नाकाशी नेली असतीस, एक भुवई उचलली असतीस आणि "पोट भरलंय हो," म्हणत ती माझ्याकडे सरकवली असतीस. मीही जवळजवळ तेच केलं. लेकीच्या सुट्टीत आम्ही दोघी डोंगरातल्या एका घरगुती पाहुणघरात राहून आलो. जुनं लाकडी घर, खाली चटया, पुढच्या खोल्या पाहुण्यांच्या आणि मागे घरच्यांचं राहणं. इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं. तिथे मासे नाहीत, अंडी नाहीत, दूधसुद्धा वापरत नाहीत, म्हणाली. मला तेव्हाच खटकलं. ज्या देशात बटाट्याच्या वेफर्समध्येही माशाचा अर्क निघतो, तिथे डोंगरातल्या एका बाईला हे सुचलं कसं? परदेशी गिऱ्हाईक ओढायची युक्ती असणार, असं धरूनच मी गेले.

मालकीणबाई माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. गुडघ्यांवर बसून एकेक वाटी समोर ठेवतात. सूप नितळ, कोऱ्या चहाच्या रंगाचं. मी लेकीला म्हणते, "विचार, ह्यात माशाचं पाणी आहे का." माझं जपानी दुकानापुरतं, तिचं जन्माचं. ती विचारते. समुद्रातलं शेवाळ आणि वाळवलेली अळंबी, एवढंच आहे, असं उत्तर येतं. "भांडं वेगळं असतं का?" वेगळं असतं. "आणि डाव?" लेक आधी जपानीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "आई, त्या हसतायत तोवर थांब ना." मला नेमकं ते हसूच पटत नव्हतं. इथे नाही म्हणायचं असलं तरी लोक हसतात. मी दोन घोट घेतले आणि बाकीचं गार होऊ दिलं.

सकाळी हात धुण्याचं निमित्त करून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, आणि आला वास. मासेच. शंकाच नको. मी लेकीला हाताला धरून ओढत आणलं. "बघ! म्हटलं नव्हतं?" तिने खाली बोट दाखवलं. दाराआड एक जाडजूड मांजर ताटलीत तोंड खुपसून बसलं होतं. "त्यालाही विचार ना," लेक म्हणाली, "डाव वेगळा आहे का."

तुझ्यामुळे झालंय हे. शेजारच्या काकूंनी दिलेला केक मी जिन्यातच खायला लागले होते, आठवतं? तू ओट्याशी पोळ्या लाटत होतीस. ओरडली नाहीस. "विचारलंस का?" एवढंच म्हणालीस आणि मला चूळ भरायला लावलीस. उरलेला केक खाली रखवालदाराच्या घरी गेला, काकूंना तू "छान झाला होता हो," म्हणालीस आणि डबा परत करताना त्यात चिवडा भरलास, कारण डबा रिकामा परत करू नये. मी जपानला निघाले तेव्हाही तेच: "विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नकोस." मी हो म्हटलं. पुढे तू गेलीस आणि ते "हो" माझ्याकडे तसंच राहिलं. ते कुणाला परत करायचं?

मांजरामुळे ओशाळून मी लगेच बॅगेतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. त्यांना द्यायलाच केले होते. मालकीणबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, ह्यात प्राण्यांचं काही आहे का? मला हसूच आलं. "सांग त्यांना, आमच्याकडे अंड्यालासुद्धा शिवत नाहीत. शुद्ध शाकाहारी." लेकीने सांगितलं. त्यांनी मान लववून एक लाडू उचलला.

"आई," लेक एकदम म्हणाली, "तूप?"

"तूप म्हणजे काय मटण आहे?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या आवाजातला जोर गेला. तिने घाईघाईने जपानीत काहीतरी सांगितलं. लाडू त्यांच्या ओठांपाशी थांबला.

इथला २०११चा तो मोठा भूकंप तू पाहिला नाहीस. त्या वेळी ह्या बाई तिकडे किनाऱ्याच्या बाजूला राहायच्या, त्यांचा दुधाचा धंदा होता. भूकंपानंतर अणुवीज केंद्र बिघडलं आणि गाव सोडावं लागलं. चार दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं. गायी गोठ्यात बांधलेल्या राहिल्या. एवढंच सांगितलं त्यांनी. लेकीने ते माझ्याकडे न बघता मराठीत आणलं. मग ह्या डोंगरात सासरी आल्या आणि दूध, मासे, सगळंच सोडलं.

"गायीचं?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी लाडू नाकाशी नेला आणि डोळे मिटून सावकाश वास घेतला, अगदी तू घ्यायचीस तसा. "दूध चांगलं होतं," म्हणाल्या, आणि लाडू डब्यात होता तिथे नीट ठेवला. मी माफी मागितली, दोनदा. पण मनात दुसरंच चाललं होतं. त्यांच्या प्रत्येक उत्तरामागे मी आणखी एक प्रश्न लावला होता. त्यांनी मला एकदाच विचारलं आणि लाडू उचलला.

निघताना डबा परत आला, जड. आत कोंड्यात मुरवलेला मुळा. लाडू सासऱ्यांना दिले, ते सगळं खातात, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. तू काकूंना असं कधी सांगितलं असतंस? मग मी काही म्हणायच्या आतच त्या म्हणाल्या, "मासा नाही." आणि हसल्या. ह्या वेळी मी ते हसू तपासलं नाही.

ट्रेनमध्ये लेक म्हणाली, "विचारायचं राहिलं का काही?" मी नाही म्हटलं आणि डबा उघडला. मुळा वास न घेता खाल्ला, असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं. हे तुला कुठे पोचणार आहे, मग निदान खरं तरी लिहावं. घेतला, आई. लेक खिडकीबाहेर बघत होती तेवढ्यात.