भिंतीकडची बाजू

प्रिय चिमणे,

परवापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही, मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

मामाचं दुकान अखेर रिकामं केलं. आरसा भिंतीवरून निघेना, तो तसाच सोडला. खुर्ची तेवढी घरी आणली. तिच्या हातांवर फळी टाकून, त्यावर तुला बसवून तो तुझे केस कापायचा. "डोकं हलवलंस तर कान जाईल, मग चष्मा कशावर अडकवशील?" म्हणायचा. तू हसून आणखीच हलायचीस. तू शाळेत जायला लागलीस आणि त्याने हे एकदम बंद केलं. तुला जवळ घेणंही बंद. मामाला मी आवडत नाही, हे तू तेव्हापासून धरून बसलीस. तो गेल्याचं कळवलं तेव्हाही तेच म्हणालीस.

त्याला एचआयव्ही होता, चिमणे. तुला कळू द्यायचं नाही, असं त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं. तो होता तोवर पाळलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर त्याला समजावलं होतं. हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने काही होत नाही. गोळ्या नेमाने घ्या, म्हातारे व्हाल. तो मान हलवायचा. गोळ्याही घेतल्या, बरीच वर्षं. पुढे तर बाई म्हणायच्या, आता तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही. पण घरी आला की दाराजवळच बसायचा. आपलं ताट आपणच घासून बाजूला ठेवायचा. मी चिडले, रडले, की म्हणायचा, "ताई, कागदावर मी बरा आहे गं. मनातून घाण जात नाही." लहानपणी भिंतीकडच्या बाजूसाठी माझ्याशी मारामारी करणारा माझा भाऊ, मुक्कामाला आला की सांगायचा, "माझं अंथरूण बाहेर घाल."

मग त्याने गोळ्या सोडल्या. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. विचारलं तर म्हणाला, "माझ्यावर कशाला वाया घालवायच्या?" दवाखान्यात त्याचं तोंड धुवायला गेले तर म्हणे, हातमोजे घाल. नर्स म्हणाली, तोंडच धुताय ना, नकोत. मी साबण लावला. जन्मभर दुसऱ्यांचे गाल धरले त्याने. त्या दिवशी स्वतःचा गाल माझ्या तळहातावर टाकला आणि डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याने लावू दिला नव्हता.

परवा तू तुझ्या रिपोर्टचं सांगितलंस. त्यात तेच नाव होतं. मी गप्प झाले, आणि आईला लाज वाटली असं समजून तू फोन ठेवलास. रिपोर्टचं ऐकूनही मी बोलणार होते गं. पण पुढे तू म्हणालीस, "घरी येईन, पण माझं अंथरूण बाहेर घाल." तेच शब्द, तसाच खाली गेलेला आवाज.

अंथरूण घातलं आहे. एकच, मोठं. भिंतीकडची बाजू तुझी. सकाळी मी माझी रक्तदाबाची गोळी घेते, तेव्हा तू तुझी घे, माझ्यासमोर. मला पुन्हा कोणाचं तोंड तसं धुवायचं नाही. ये.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच आई