रविवारी आपल्या घरी गॅस पेटत नसे

पप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आईला वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि आम्ही आयर्लंडला आलो, तेव्हा माझी शाळा अर्धवट सुटली. ती आता मोठ्यांच्या संध्याकाळच्या वर्गात पुरी करतो आहे. सध्या इतिहासात प्युरिटन लोक आहेत. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून अमेरिकेत जाऊन वसलेले, धर्माने फार कडक. बाई सांगत होत्या, ते रविवारचं जेवण शनिवारीच करून ठेवत, नाताळ पाळत नसत, आणि घरात कुणी आजारी पडलं की आपलं कोणतं पाप भोवलं ते शोधत बसत. माझ्या शेजारचा म्हातारा टॅक्सीवाला म्हणाला, "नाताळ नाही, पत्ते नाहीत, नाच नाही? मग क्रॅक कसली!" क्रॅक म्हणजे इथे मजा. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला आपलं नगरचं घर दिसत होतं. आपल्या पणजोबांना बाप्तिस्मा देणारे अमेरिकन मिशनरी याच लोकांच्या परंपरेतले, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

शनिवारी आई भाकरी आणि वांग्याचं भरीत करून ठेवते. रविवारी गॅस बंद, खेळ बंद, अभ्यासही बंद. त्या रविवारी आई ड्यूटीवर आहे. तुम्हाला ताप आहे, छाती घरघरते आहे. मी बारा वर्षांचा. तुम्ही म्हणता, "बाळा, घोटभर पाणी गरम करून दे रे." मी दारातूनच म्हणतो, "पप्पा, आज शब्बाथ, प्रभूचा दिवस आहे. तुम्हीच सांगता ना?" तुम्ही पांघरूण छातीपर्यंत ओढून घेता. मग म्हणता, "बरोबर आहे तुझं. माठातलंच दे." बुधवारी तुम्ही गेलात. त्याआधी दवाखान्यात तुम्ही ही गोष्ट आईला कौतुकाने सांगितलीत.

गरम पाण्याने न्यूमोनिया बरा होत नाही, हे मला समजतं. पण वर्गात मी हात वर करून विचारलं, "रविवारी आजाऱ्यासाठी चूल पेटवली तर?" बाई म्हणाल्या, "ते चालायचं. दुखणाइताची सेवा त्यांनाही मान्य होती." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. खरं तर लिहून घेण्याची गरज नव्हती. आई रविवारी ड्यूटीला निघाली की तुम्हीच म्हणायचात, "आजाऱ्याला रविवार नसतो." ते मला तेव्हाही पाठ होतं. त्या रविवारी सकाळी मला खेळायला बोलवायला आलेल्या पोरांसमोर तुम्ही माझ्या हातातली बॅट काढून घेतली होतीत. मला राग आला होता, पप्पा. नियम मी फक्त पुढे केला.

हे आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण परवा इथून दोन तासांवरच्या ल्यूकनला मराठी मंडळींची प्रार्थनासभा होती. तिथे आईने उठून सगळ्यांसमोर देवाच्या कृपेची साक्ष दिली: "माझ्या लेकराने बाप आजारी असतानाही शब्बाथ मोडला नाही." बोलताना तिचा चेहरा इतका शांत होता, की हे पत्र आता वहीतच राहील. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.