अर्धं काळं डाळिंब

३ जानेवारी
पॅकहाऊसात मशीन आलं. डाळिंब न कापता आतला फोटो काढतं! पण चांगलं कोणतं, खराब कोणतं, ते अजून त्याला कळत नाही म्हणे. ते शिकवायचं मी अन् सिंधुबाईनं. फोटो झालेलं डाळिंब कापायचं — चांगलं हिरव्या कॅरेटात, खराब लालमध्ये. तसं मशीनवाल्या निकिता मॅडम कॉम्प्युटरला सांगणार. चौथी नापास बाई मशीनला शिकवणार! सिंधुबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, छडी आणली का?" नऊ वर्षं शेजारी बसते, तरी हिची मस्करी संपत नाही.

४ जानेवारी
कापून कापून बोटं काळी.

९ जानेवारी
सिंधुबाई एकेक दाणा निरखते. मी ओरडले, "कापायचंय, का लग्न जमवायचंय त्याचं?" म्हणाली, "तू ने तुझी एक्सप्रेस."

२१ जानेवारी
मशीननं पास केलेला माल गिऱ्हाइकानं परत पाठवला. आतून काळा! निकिता मॅडमनी आम्ही कापलेल्या फळांचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडले — अर्धी काळी डाळिंबं हिरव्या कॅरेटात. "ही चांगली कोणी म्हटली?"

मी. मीच टाकली. घरी जन्मभर हेच केलं — काळं तेवढं काढायचं, बाकीचं खायचं. अर्धे दाणे लालभडक असताना फळाला खराब कसं म्हणू? मशीन तेच शिकलं.

तोंड उघडायच्या आत आमचे मालक, दिनेशशेठ म्हणाले, "सिंधुबाई, उद्यापासून येऊ नका."
"शेठ, मी तर सगळी नीट बघून—"
पुढं बोलूच दिलं नाही. अन् मी गप्प! मी!

२२ जानेवारी
डबा तसाच परत आणला.

२४ जानेवारी
सुटल्यावर पंचवटीत गेले, सिंधुबाईकडं. बाजारात दुसऱ्याच्या गाळ्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेली. म्हणाली, "डोळे गेले गं माझे. मलाच दिसलं नसणार." तिलाच वाटतंय, तिनं केलं! सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी मी — तिथून नुसती उठून आले. थू माझ्यावर.

२५ जानेवारी
आज सांगितलं. केबिनमध्ये, उभ्या उभ्या. "ती मी होते शेठ. तिला परत घ्या, मला काढा."
शेठनं मानसुद्धा वर केली नाही. "माहितीये. टेबलावर कॅमेरा आहे. पण तुम्ही चार कापता तेव्हा ती एक कापते. जा, मालाची गाडी आलीय."
गेले. बसले. सुरी उचलली.