बंबाच्या नळीतला कापूस

उकंडा,

ही चिठ्ठी मुद्दाम बंबाच्या झाकनाखाली ठेवली. हल्ली इथं तुयाबगर कोनी हात लावत नाई.

मी कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीले जाऊन राहिलो. उद्या सांजेले येतो.

बंब बिघडला, पेटवू नका, असं तू तुया वहिनीले सांगतलं. आठ दिवस झाले, ती चुलीवर हंडा तापवून राहिली. निघाच्या आंदी मी सोता पाह्यलं. तोटी वाहते, जाळी मोकळी, जळनाच्या पऱ्हाट्या कडक वाळल्या. मंग याले झालं काय, म्हनून मधल्या नळीत हात घातला. आत कापूस ठासून भरला हाय. आपल्याच वखारीतला.

तीन खेपा कापूस वजनात कमी भरला, आन मी चार लोकाईसमोर रऊफ गाडीवानाचं गाठोडं उलटं केलं. तू बाजूलेच उभा होता. एक शब्द बोलला नाई.

नळीत कोनं भरला, ते मी इचारत नाई. कापूस तसाच ठेवला. वहिनीले एवढंच सांगतलं, का उद्या पहाटे बंब पेटव. आजची रात्र तुयापाशी हाय.

रऊफ आज माया गाडीवर हाय. रस्त्यानं त्याची माफी मी मागतो. त्या चार लोकाईसमोर तू मागजो.

महादेव