तारा फार उंच होत्या

चिमणे,

तुझी गिटार घेऊन दुकानात चाललोय, घरभर शोधू नकोस. जेवण झाकून ठेवलंय. खाऊन सरळ तिकडेच ये.

बोटं दुखतात म्हणालीस, तेव्हा मी "नाटकं पुरे" म्हणून तुला गप्प केलं. आज तू शाळेत गेल्यावर मी स्वतः तार दाबून पाहिली. विटा उचलून राठ झालेली माझी बोटं, पण त्यांनाही कळ आली, आणि सूर काही निघाला नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "तारा दांडीपासून फार उंच असणार. स्वस्तातलीही चांगली मिळते हो, पण वाजवणारीला बरोबर आणायचं ना."

खरं आहे त्याचं. आई गेल्यापासून तू बोलेनाशी झालीस, ते मला बघवेना. म्हणून तुझं मन रमावं असं वाटून एकटाच दुकानात गेलो आणि चकचकीत दिसली ती गिटार उचलून आणली. तुझी आई साध्या चपलासुद्धा तुला घालून, चालायला लावून मगच घ्यायची.

ही बदलून घेऊ. आता तिथली एकेक गिटार मांडीवर घेऊन वाजवून बघ. घाई करू नकोस. मी आज कामावर गेलो नाही. तुझं होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहीन.

बाबा