चौथी अट

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ही नवी वही. शेंगीने दार स्वतः उघडलं आणि बॅगांकडे बघून विचारलं, की राहायला आलीस की घर बळकावायला. कॉलेजपासून मी तिला शेंगी म्हणते, कारण उंची ताडाएवढी आणि अंगावर मांस नावाला नाही. आता तर हाडंच उरलीत, पण जीभ शाबूत आहे. आजार यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. बत्तीस वर्षं शाळेत पोरं सांभाळली, मग महिनाभर एक शिलाईवाली बाई सांभाळायला काय जड जाणार?

घर लहान पण टापटीप आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, खिडकीशी तिचा पलंग. तिचं कापड बेतायचं टेबल मला लिहायला मिळालंय. संध्याकाळपर्यंत नुसत्या खिदळत होतो. जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं.

गुरुवार, ७

आज कागदाचं काम उरकलं. शेवटी काय करायचं आणि काय नाही, ते तिने फॉर्मवर लिहून दिलं. श्वासाचं मशीन नको. नाकातून नळी नको. हॉस्पिटल नको, इथेच. तिची वाचा गेली तर निर्णय माझा, म्हणून खाली माझी सही. तिचा दादा फोनवर खूप ओरडला. सख्खा भाऊ असताना परक्या बाईची सही कशाला, म्हणाला. शेंगीने शांतपणे फोन ठेवला. सही करताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, खोटं कशाला सांगू?

फॉर्मवर तीनच रकाने होते. तिने खाली पेन्सिलने चौथी अट लिहिली, की मी जाताना मला कोणी हाक मारायची नाही. मला हसू आलं. ती हसली नाही. तिची आई गेली तेव्हा हिनेच जिवाच्या आकांताने हाक मारली होती, म्हणे. आईने डोळे उघडले आणि ओ दिली. त्यानंतर अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत काय झालं ते सांगायला मात्र ती तयार नव्हती. मशीनला तेल घालत बसली. मी तिला शब्द दिला.

मंगळवार, १२

अंघोळ, कूस वळवणं, चादरी, गोळ्या, परत चादरी. सिस्टर सकाळी अर्धा तास येते, बाकी सगळं मी. कंबर कामातून गेलीय. चहा करायला ठेवते आणि गॅसपाशी उभ्या उभ्या डुलकी लागते. आज कपडे बदलताना ती कण्हली तर मी तिच्यावर खेकसले. मग बाथरूमचा नळ सोडून रडले. बाहेर आले तर ती माझ्या बाहीकडे बघत होती. शिवण तिरकी आहे, कोणत्या गाढवाने शिवलंय, म्हणाली. तिनेच शिवलं होतं.

कधी संपणार हे, असं मनात येतं. शरम वाटते, पण येतं.

शनिवार, १६

सकाळी दहाला सिस्टर गेली. आजच, असं मला दारात सांगून गेली. श्वास लांब लांब पडत होते. मी हात धरून बसले. एक श्वास आला, मग आलाच नाही. चेहरा इतका निवांत झाला, की आता मीही जरा झोपेन असं वाटलं. आणि मग मला काय झालं कोण जाणे. तीन वर्गांपलीकडे ऐकू जाणारा माझा तो आवाज. शेंगे, म्हणून ओरडले.

तिने ओ दिली.

रविवार, १७

सिस्टरने मनगट धरलं. मान धरली. छातीला स्टेथोस्कोप लावला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता पिशवी भरली. ठोके सापडत नाहीत, म्हणाली. शेंगी उघड्या डोळ्यांनी ऐकत होती.

दुपारी डॉक्टर आले. बोलणाऱ्या बाईचा मृत्यूचा दाखला कसा लिहू, म्हणाले. कोरा दाखला बॅगेत परत ठेवला आणि गेले.

मंगळवार, १९

अंग गार. खात नाही, पापणी मिटत नाही. पण दुखतंय म्हणते, पहिल्यापेक्षा जास्त. औषध टोचलं तर जिथे टोचलं तिथेच फुगून राहतं. पुढे नेणार कोण? आज टाच धरून पाय उचलला तर कातडी चादरीवरच—

सिस्टर आली नाही. येणार नाही.

गुरुवार, २१

वास. दादा दारापर्यंत आला, रुमाल धरून परत गेला.

शेंगी म्हणते, आईचंही असंच झालं होतं. हाक मारणाऱ्याने तोंड मिटलं तेव्हाच ती सुटली. माझ्याशी बोलू नकोस, नाव काढू नकोस, म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २३

दोन दिवस तोंडातून शब्द काढलेला नाही. तिच्याकडे पाठ करून बसते. तरी आहे.

वही उघडली की पलंग करकरतो. मिटली की शांत. शेंगी असं लिहिलं की—

उठून बसली.

म्हणजे मी रोज इथे हाकाच—

रविवार, २४

भर दुपार. टेबलापाशी उभी आहे. त्या पायांवर. मी लिहिते ते वाचतेय. हात जोडलेत.

वही मिट, एवढंच म्हणते.

मिटते. शब्द दिलाय. पण मिटली की ही खोली रिकामी. चाळीस वर्षं गं. रिकामी खोली मला नाही—

हे वाक्य संपलं की मिटते, एवढं एकच वाक्य, तिचा गार हात माझ्या हातावर आलाय, बोटं एकेक करून सोडवतेय, जोर नाही तिच्यात, माझ्यात आहे, आणि मी पेन सोडत नाही, माफ कर, नाही सोडत, शेंगे, शेंगे, शें—